खर्जाची जागा

गाण्याच्या बैठकीत तंबोऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही. गायकाच्या मागे बसलेला शिष्य मान खाली घालून चार तारा छेडत असतो आणि श्रोत्यांचं सगळं लक्ष गायकाच्या हातवाऱ्यांकडे, तबलजीच्या बोटांकडे असतं. पण त्या शिष्याला मध्येच शिंक आली आणि तंबोरा क्षणभर थांबला, की बसल्या जागची सतरंजी कुणीतरी ओढून घेतल्यासारखं वाटतं. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा तंबोरा असेल, तर त्यातली शेवटची, खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनं करते. शास्त्राच्या भाषेत ६९ हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून पुढचं ऐकतो असं मानतात. म्हणजे ही तार ऐकू येणाऱ्या सुरांच्या तळमजल्यावर राहणारी.

हल्ली मध्यमवर्गीय घरातही टीव्हीशेजारी जे एक काळं, चौकोनी, जड खोकं येऊन बसलं आहे, त्याचं काम या तळमजल्याची व्यवस्था पाहण्याचं. त्याला सबवूफर म्हणतात. दुकानात ते ज्या पद्धतीनं ऐकवतात ती मात्र नेमकी उलटी. विक्रेता मारधाडीच्या चित्रपटातला स्फोट लावतो, आपल्या शर्टाची बटणं थरथरतात, आणि तो विजयी मुद्रेनं म्हणतो, "बघा, काय बेस आहे!" ज्याला खरोखर पारख आहे तो माणूस स्फोट लावणार नाही. तो बातम्या देणाऱ्या एखाद्या पुरुषाचं साधं बोलणं लावेल, आणि त्याच्या छातीत कुणी रिकामी घागर बसवली आहे असं वाटत नाही ना, एवढंच बघेल.

मुळात हे वेगळं खोकं लागतं कशाला? कारण खालचा सूर काढणं हे हवेशी करायचं अंगमेहनतीचं काम आहे. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. दोन सप्तकं खाली उतरलात तर सोळापट. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेल्या बिस्किटाएवढ्या स्पीकरकडून ही अपेक्षा ठेवणं म्हणजे पोस्टमनला गव्हाची पोती वाहायला सांगण्यासारखं. म्हणून मोठा पडदा, त्याला ढकलायला स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि भोवती खोकं. काही खोक्यांना भोक असतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा निघतो, त्याच न्यायानं ते भोक ठरावीक खालच्या सुरांना हात देतं. बंद खोकं आटोपशीर बोलतं, भोकाचं खोकं कमी शक्तीत जास्त घुमतं. लहान हॉलसाठी विचाराल तर माझं मत बंद खोक्याला.

आता कुणी म्हणेल, आमचा उभा जन्म ट्रान्झिस्टरवर गेला, आमचं कुठं अडलं? खरं आहे, आणि त्याचं कारणही गमतीचं आहे. जुना लँडलाइन फोन साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं काही पुढे पाठवतच नसे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर असतो शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे ट्रंककॉलवर वडिलांच्या आवाजाचा पाया आपल्यापर्यंत पोचतच नव्हता, नुसते वरचे उपस्वर येत होते. तरी 'बाबा बोलताहेत' हे आपण ओळखत होतो, आणि ते बायकी आवाजात बोलताहेत असं कुणाला वाटलं नाही. उपस्वरांमधल्या अंतरावरून मेंदू तो गहाळ झालेला मूळ सूर आपला आपण भरून काढतो. माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा व्यवहार लगेच समजतो: रक्कम हाती आलेली नाही, पण खात्यात जमा धरली आहे. तशी ती धरता येते. पण रोख ती रोखच. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड लहान स्पीकरवर आपल्याला समजते. खालचे सूर नीट वाजवणाऱ्या संचावर ती पोटात उतरते.

चित्रपटवाल्यांना हे पोटात उतरणं फार आधी कळलं. १९७४ साली 'अर्थक्वेक' नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला, तेव्हा काही थिएटरांत सेन्सराउंड नावाची यंत्रणा बसवली होती. भूकंपाच्या दृश्यात प्रचंड स्पीकर खोल गडगडाट करत आणि खुर्च्या हलल्यासारख्या वाटत. एकाच इमारतीत दोन पडदे असले, की शेजारच्या पडद्यासमोर बसलेले प्रेक्षक तक्रार करत. म्हणजे खर्जाचं हे खूळ आणि शेजाऱ्याची तक्रार ही जुळी भावंडं आहेत. पुढे १९९३ साली 'ज्युरासिक पार्क'मध्ये डायनॉसॉर येण्याआधी पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उमटली. ती उमटवण्यासाठी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून छेडली होती. घरातल्या संचाच्या नावात जो '५.१' असतो, त्यातला तो पॉइंट एक म्हणजे याच गडगडाटासाठी राखून ठेवलेला अरुंद रस्ता. त्यावरून १२० हर्ट्झच्या वरचं काही जात नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्यानं सिंहगड रस्त्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये असा संच आणला. आणला तो मुख्यतः वडिलांसाठी. आमचे दाजी आता ८२ वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यांची खरी नोकरी भजनी मंडळातल्या पखवाजाची. आता हात चालत नाहीत, म्हणून ऐकणं हाच विरंगुळा. दुकानातला मुलगा आला, खोकं कोपऱ्यात सरकवलं (कारण प्लग तिथं होता), सगळी बटणं अर्ध्याच्या पुढे फिरवली, स्फोट ऐकवला आणि गेला.

आठ दिवसांत दोन तक्रारी आल्या. दाजी म्हणाले, "आवाज मोठा आहे रे, पण शब्द कळत नाहीत." खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "शब्द एकही ऐकू येत नाही, पण धडधड येते. ह्यांची बायपास झालीय, रात्री दचकून उठतात." काकू मोठ्या आवाजात बोलल्या नाहीत, त्यामुळे भाचा जास्तच ओशाळला. त्यानं मला फोन केला. "मामा, तुम्ही या विषयावर काहीबाही वाचत असता. विकून टाकू का?"

विकण्याची गरज नव्हती. दोन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या होत्या, आणि ते दुखणं खोक्यात नसून खोलीत होतं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. ३००० हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेचार इंचांची. ती खोलीत आरामात फिरते. पण ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट २८ फूट लांब. ती पंधरा फुटांच्या हॉलमध्ये मावायचीच नाही. ती भिंतीवर आपटते, परत येते, स्वतःच्याच पुढच्या लाटेत मिसळते, आणि ठरावीक सुरांना खोलीच घुमू लागते. कोणत्या सुरांना, हे काढणं सोपं आहे: समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर फुटांत घ्या, दुप्पट करा आणि ११३० ला त्यानं भागा. भाच्याचा हॉल पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. उत्तरं आली साधारण ३८, ५७ आणि ५९. लांबीचं दुसरं, म्हणजे पहिल्याच्या दुपटीचं, ७५. यात ५७ आणि ५९ एकमेकांना इतके लागून आहेत की त्या सुराला हॉलची रुंदी आणि उंची मिळून ओरडतात. बिल्डरनं रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी ठेवली, त्याची ही किंमत.

आणखी एक गोष्ट. असा घुमणारा सूर खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतींपाशी तो सर्वांत जोरात असतो, आणि लांबीच्या पहिल्या सुराच्या बाबतीत हॉलच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. कोपरा म्हणजे तर तीन पृष्ठभागांचा संगम; तिथं खोकं ठेवलं की खोलीचे सगळे सूर एकदम चेकाळतात. आणि आपल्याकडे सोफा नेहमी भिंतीला टेकलेला. म्हणजे खोकं कोपऱ्यात आणि कान भिंतीशी. हे म्हणजे घंटेच्या आत डोकं घालून बसणं झालं. पडदे, गालिचे, भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवणं या उपायांचा इथं काही उपयोग नाही. ते वरच्या सुरांचा खणखणाट कमी करतात. २८ फुटांच्या लाटेला दोन इंचांची गादी दिसतसुद्धा नाही.

मग जागा शोधायची कशी? यासाठी एक जुनी आणि थोडी हास्यास्पद युक्ती आहे, आणि तिच्यामागं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकानं मांडलेला परस्परतेचा नियम आहे: आवाज काढणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी दोघांमधला व्यवहार तोच राहतो. म्हणून सबवूफर उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, खालच्या सुरांचं एखादं संथ ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा लावायचं, आणि आपण भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगत जायचं. जिथं प्रत्येक सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, कुठलाही एक सूर फुगणार नाही वा गायब होणार नाही, ती सबवूफरची जागा.

रविवारी सकाळी आम्ही हे केलं. दाजींच्या आरामखुर्चीत खोकं विराजमान, दाजी दिवाणावर, आणि चाळिशीचा भाचा जमिनीशी कान लावून रांगतो आहे. ताई स्वयंपाकघरातून डोकावली. "लहानपणी रांगला नाही नीट, आता हौस फेडतोय," एवढं म्हणून ती पोळ्यांकडे वळली. कोपऱ्यात घुमारा होता. टीव्हीखाली काही सूर पार बेपत्ता होते. बाल्कनीच्या दाराशेजारी, लांब भिंतीलगत, कोपऱ्यापासून चारेक फुटांवर भाचा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. "मामा, इथं सगळे आहेत." 'सगळे' हा शब्द मला आवडला. खोकं तिथं गेलं. दाजींची खुर्ची भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढली. सोफा हलवायचा प्रस्ताव ताईनं फेटाळला. ठीक आहे, सोफ्यावर पाहुणे बसतात.

जागा सापडली की निम्मं काम झालं असं लोक लिहितात. माझ्या मते पाऊण झालं. उरलेलं पाव मात्र बटणांचं, आणि ते घाईनं करू नये.

पहिली गोष्ट हद्दीची. मोठ्या स्पीकरांनी कुठपर्यंत खाली यायचं आणि सबवूफरनं कुठून घ्यायचं, या सीमेला क्रॉसओव्हर म्हणतात. पुस्तकाच्या कपाटात मावतील एवढे स्पीकर असतील तर ८० हर्ट्झ ही चांगली सुरुवात. या आकड्यालाही आधार आहे. दोन कानांत जेमतेम सहा-सात इंचांचं अंतर. चौदा फुटांची लाट कुठून आली हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून ८० च्या खालचा आवाज बाल्कनीच्या दारातून आला तरी तो टीव्हीतूनच आल्यासारखा वाटतो. हद्द १५० वर नेली, की बातम्या देणाऱ्याचा अर्धा आवाज दाराशेजारून येऊ लागतो. स्पीकर अगदी मुठीएवढे असतील तर हद्द वर न्यावीच लागते. मग खोकं टीव्हीजवळच ठेवावं. ही हद्द रिसीव्हरमध्ये एकदा आखली, की सबवूफरच्या पाठीवरचं तेच बटण पूर्ण वर नेऊन निष्प्रभ करायचं. दुकानातल्या मुलानं दोन्हीकडे हद्द आखून ठेवली होती. एकाच चेकवर दोन कारकुनांनी दोनदा काट मारली, की मधले सूर गळतात.

दुसरं बटण फेजचं. बहुधा शून्य आणि १८० अशा दोन खुणा असतात. स्पीकरचा पडदा पुढे येताना सबवूफरचा मागे गेला, तर हद्दीवरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. एकानं खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं बटण इकडून तिकडे करायचं, आणि ज्या बाजूला बेस भरीव लागेल ती बाजू ठेवायची. दोन मिनिटांचं काम, पण वर्षानुवर्षं कुणी करत नाही.

रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन खुर्चीत उंच धरून यंत्राकडून अंतरं मोजून घेतली, तेव्हा एक मौज झाली. टेपनं सबवूफरचं अंतर नऊ फूट भरलं, यंत्रानं तेरा लिहिलं. भाचा लगेच आकडा दुरुस्त करायला निघाला. मी त्याला थांबवलं. ताळेबंद जुळवण्याची खाज मलाही कमी नाही, पण हा फरक खरा असतो: सबवूफरच्या आतल्या गाळण्यांमधून जाताना आवाजाला थोडा उशीर होतो, आणि यंत्र तो उशीर फुटांत दाखवतं. तेरा म्हणजे तेराच ठेवायचे. यंत्रानं सुचवलेली बाकीची दुरुस्तीही बघून घ्यावी. जो सूर फुगला आहे तो कमी करणं योग्य. जो सूर त्या जागी लाटांच्या भांडणात मेला आहे, त्यात शक्ती ओतणं म्हणजे बुडीत खात्याला नवं कर्ज देणं. कितीही ओता, खोली ते गिळते आणि ॲम्प्लिफायर तापतो.

सर्वांत नाजूक बाब पातळीची. सबवूफर किती मोठा ठेवायचा? इथं दाजींच्या तक्रारीकडे यावं लागतं, कारण ती फक्त त्यांची नाही. वयानुसार येणारा बहिरेपणा वरच्या सुरांपासून सुरू होतो. खालचे सूर बऱ्याच जणांना शेवटपर्यंत ठीक ऐकू येतात. आणि बोलण्यातले शब्द ज्यांवरून कळतात ती व्यंजनं, स, श, फ, त, क, ही सगळी वरच्या बाजूची आणि मुळात क्षीण. त्यात भर म्हणजे जोराचा खालचा आवाज आपल्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो. हे झाकणं वरच्या दिशेनं फार होतं, खालच्या दिशेनं तितकं नाही. म्हणजे घुमणाऱ्या बेसमध्ये आधी बुडतात ते म्हाताऱ्या माणसाला हवे असलेले शब्द. मग ते म्हणतात, "आवाज वाढव." आवाज वाढवला की बेसही वाढतो, शब्द पुन्हा बुडतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची झोप जाते. घरातली तरुण मंडळी वैतागून म्हणतात, "बाबा, किती मोठा आवाज लागतो तुम्हाला!" बाबा गप्प होतात आणि हळूहळू टीव्हीसमोरून उठून आतल्या खोलीत जाऊन बसायला लागतात. असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

आम्ही पातळी शून्यापासून सुरू केली. थोडी थोडी वाढवत नेली, आणि खोकं वाजतं आहे हे ज्या क्षणी वेगळं कळलं तिथून किंचित मागे आलो. मधल्या स्पीकरची, ज्यातून संवाद येतात त्याची, पातळी दोन-तीन डेसिबल वर नेली. बातम्या लावल्या. दाजींनी मान हलवली. मग त्यांच्याच मंडळाचं जुनं भजन लावलं, पखवाजासकट. ज्यांनी पखवाज लागताना पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल: डाव्या पुडीवर मळलेली कणीक थापतात, ती जास्त झाली की सूर खाली जातो आणि बोल मठ्ठ होतो, म्हणून नखानं चिमूट काढत काढत नेमकं वजन साधावं लागतं. तबल्याच्या पुडीवरची शाई हे त्याचंच कायमचं, बोलायला गोड रूप. त्या भारामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर सुरेल क्रमात बसतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं. दाजींनी रामन वाचलेले नाहीत. पहिलं आवर्तन ऐकून ते म्हणाले, "कणीक जरा जास्त झालीय."

भाच्यानं पातळी दीड डेसिबल खाली घेतली.

"आता?"

"आता वाजव," दाजी म्हणाले, आणि डावा हात आरामखुर्चीच्या दांड्यावर ठेका धरू लागला.

राहता राहिल्या काकू. इथं मी दुसऱ्या दिवशी स्वतः खाली जाऊन बसलो. वर भाचा एकेक खालचा सूर हळूहळू चढवत होता आणि काकूंकडे मी चहा पीत होतो. बहुतेक सुरांना काही कळत नव्हतं. ५७-५९ ला पोचल्याबरोबर त्यांच्या शोकेसची काच किणकिणू लागली. वरच्या हॉलच्या रुंदी-उंचीचा तोच सूर. फोनवरून सांगितलं, तेवढाच सूर वर सहा डेसिबल कापला, काच गप्प झाली. खोक्याखाली रबरी गादीही घातली. तिच्यानं स्लॅबमध्ये थेट उतरणारी थरथर काहीशी कमी होते, हवेतून जाणारा बेस मात्र थांबत नाही. भिंत वा स्लॅब कितीही जड असो, सूर एक सप्तक खाली उतरला की साधारण सहा डेसिबलनं अधिक पार जातो. म्हणून शेजाऱ्याकडे गाणं पोचत नाही, नुसती धडधड पोचते.

यात कायद्याची एक गंमत आहे, आणि ती जाणून घेण्यासारखी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे डेसिबल 'ए' मापाचे. या मापाचं मूळ १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी केलेल्या अभ्यासात आहे: आवाज हळू असताना कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, म्हणून मीटरनंही ते कमी धरायचे. किती कमी? ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल. म्हणजे काकूंच्या बेडरूममध्ये ५० हर्ट्झची ७५ डेसिबलची धडधड पोचली, तरी मीटर ४५ दाखवणार. काका दचकून उठणार आणि मीटर म्हणणार, ठीक आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवरच्या भिंतींमुळे छातीत धस्स होतं, त्याचा पुरता हिशेबही या मापात येत नाही. तेव्हा सोसायटीतल्या भांडणात मीटर पुढे करणाऱ्यानं जरा जपून.

याच अभ्यासामुळे एक घरगुती पेचही समजतो. रात्री आवाज कमी केला की बेस गेल्यासारखा वाटतो, हात पातळीच्या बटणाकडे जातो, आणि सकाळी ते तसंच राहतं. बऱ्याच रिसीव्हरांत रात्रीसाठी वेगळी सोय असते. ती मोठे आवाज दाबते आणि बोलणं वर आणते. तीच वापरावी. भाच्यानं तर सोपाच उपाय केला. काकूंशी बोलून साडेनऊची वेळ ठरवली. साडेनऊला सबवूफरचा स्विच बंद, टीव्ही चालू. पहिले दोन-तीन दिवस दाजींना ते लगेच कळलं. "तंबोरा थांबला का रे?" त्यांनी विचारलं होतं.

कुणी दोन सबवूफरांबद्दल विचारतात. हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले, की खोलीतल्या निरनिराळ्या जागांवरचा बेस बराच सारखा होतो. घरात पाच-सहा माणसं एकत्र बसून ऐकणार असतील तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घेणं शहाणपणाचं. एका आरामखुर्चीसाठी एक पुरे.

आणि हो, खोक्यावर काही ठेवू नये. ताईनं त्यावर क्रोशाचा रुमाल आणि मधोमध पितळी समई मांडली होती. रुमालाला हरकत नाही. समई मात्र पखवाजाच्या प्रत्येक 'धा'ला साथ करू लागली, तेव्हा ती देवघरात परत गेली.